लाल चिंधीच्या पाच पेट्या

१

मेलेल्या माश्या सुपात भरून कुणी माझ्या दारात आणील असं मला कधी वाटलं नव्हतं. तसं माझ्याकडे लोकांनी काय काय आणलेलं आहे. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये काढली. तपासणीचा संडास लोक काड्यापेटीतून आणायचे, औषधाच्या बाटलीतून आणायचे, आणि एका गृहस्थानं तर पेढ्याच्या बॉक्समधून आणला होता. पण सूप पहिल्यांदाच.

श्रावणातला बुधवार होता. सकाळची वंदना आटोपून मी चहा टाकत होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतली वर्षाराणी चौगुले आली. सुपात दोन-तीन पसे माश्या. सगळ्या मधमाश्या, सगळ्या मेलेल्या.

"क्रांतीताई, ह्यांस्नी तपासा," ती म्हणाली. "विष हाय का बघा."

मी तिला सांगितलं की विषाची तपासणी घरात होत नाही, त्याला मोठी प्रयोगशाळा लागते आणि निवृत्त झालेल्या बाईला तिथं कुणी विचारत नाही. माझ्याकडे आहे तो एक जुना मायक्रोस्कोप, निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला. हे सांगताना माझी नजर मात्र सुपावरून हलत नव्हती. माझा हा स्वभाव वाईट आहे. एखादी गोष्ट कळली नाही की मला दोन घास गोड लागत नाहीत.

वर्षाराणीचं माहेर मंगळवार पेठेत, सासर आमच्या उचगावात. नवरा पुण्याला नोकरीला, घरात ती आणि सासरे. चार वर्षांपूर्वी तिच्या परड्यातला शेवगा फुलांनी लगडला आणि शेंग एकही धरली नाही. दुसरी बाई खत घालून मोकळी झाली असती. हिनं झाडाखाली खुर्ची टाकली आणि सकाळचे दोन तास बसून फुलांवर किती माश्या येतात ते मोजलं. तीन आल्या, त्यातली एक घरमाशी होती. मग ही बाई प्रशिक्षण घेऊन आली, एक पेटी आणली आणि आपली सातेरी जातीची माशी पाळू लागली. एका पेटीच्या नऊ झाल्या. शेवग्याला शेंगाही लागल्या, आमच्या घरापर्यंत पोचल्या.

त्यातल्या पाच पेट्या मंगळवारी दुपारी, एका दिवसात, संपल्या होत्या.

ती स्वतः तेव्हा घरी नव्हती. आईच्या कमरेचं ऑपरेशन होतं म्हणून आठ दिवस माहेरी होती, मंगळवारी संध्याकाळी परतली. सात दिवस पावसाची झड लागलेली. मंगळवारी उघडीप मिळाली, आणि त्याच सकाळी गुंडू मानेनं तिच्या परड्याला लागून असलेल्या रानात सोयाबीनवर औषध फवारलं. गुंडू हा भाड्यानं फवारणी करणारा माणूस, पाठीवर पंप घेऊन गावभर फिरतो. सकाळी फवारणी, दुपारी माश्यांचा सडा. गावानं दोन्ही गोष्टी जोडल्या आणि निकाल लावून टाकला. रविवारी तंटामुक्त समितीची बैठक होती. गुंडूला उचगावात कुणी कामाला बोलवायचं नाही असा ठराव यायचा होता. दोघांनी तर बुधवारीच त्याचं काम काढून घेतलं. पंप बंद म्हणजे त्या घरची चूल बंद, हे सगळ्यांना माहीत होतं.

"त्यानं केलं असंल तर त्याला सोडू नका," वर्षाराणी म्हणाली. "पण माझी पहिली पेटी त्यानंच भरून दिलती ताई. तालमीच्या भिंतीतलं मोहोळ, एक माशी न मारता. त्यानं केलं नसंल तर?"

मी चहाचा गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

२

नऊ पेट्या परड्यात एका ओळीत, लोखंडी घोड्यांवर ठेवलेल्या. घोड्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. डावीकडची पहिली पेटी कुंपणाच्या भिंतीला अगदी चिकटून, आणि भिंतीपलीकडे ते सोयाबीनचं रान. दुसरी, चौथी, पाचवी, सातवी आणि नववी या पेट्या गेलेल्या. पहिली, तिसरी, सहावी आणि आठवी मजेत. त्यांच्या दारात माश्यांची ये-जा चालू होती, काहींच्या पायांना पिवळे परागही दिसत होते.

मेलेल्या पाचही पेट्यांच्या कडीला वर्षाराणीनं एकेक लाल चिंधी बांधलेली होती. घाबरलेल्या अवस्थेतही बाईनं खूण करून ठेवली, म्हणून मी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली.

खाली वाकले. जमिनीवर काही माश्या अजून जिवंत होत्या. फुगलेली पोटं घेऊन सरपटत होत्या, उडायला जात होत्या आणि तिथंच पडत होत्या. पेट्यांच्या दर्शनी फळीवर तपकिरी ओघळ होते. पावसाचा चिखल उडाला असेल असं वाटलं. मी बाटलीत चाळीसभर माश्या घेतल्या.

सोप्यात वर्षाराणीचे सासरे बसले होते. गणपती चौगुले, पण त्यांना सगळा गाव आण्णा म्हणतो. वय शहात्तर. पन्नास वर्षं त्यांनी गुळव्या म्हणून काम केलं, म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून त्याचा गूळ नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. बिद्रीपासून इकडं शिरोळपर्यंत गुऱ्हाळमालक त्यांना गाडी पाठवून न्यायचे. आण्णांच्या हातचा गूळ म्हटलं की लोक ढेप बघतही नसत. असा ताठ माणूस त्या दिवशी गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"सुनेनं माझ्या भरवशावर टाकल्या हुत्या," ते म्हणाले. "एक दीस त्यांच्या पोटाला कमी केलं न्हाय. आणि त्या गुंड्यानं एका सकाळी समदं मातीत घातलं."

झडीच्या दिवसांत माश्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून ज्या पेट्यांत मधाचा साठा कमी असतो तिथं रोज वाटीभर साखरपाणी ठेवावं लागतं, असं वर्षाराणीनं मला सांगितलं. ते काम तिनं आण्णांवर सोपवलं होतं. वाट्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, घासूनपुसून लख्ख.

गुंडूनं आदल्या दिवशी कळवलं होतं का, हे मी विचारलं. आण्णा उसळले. घरात कुणी आलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि रविवारी त्याचं काय करायचं ते गाव बघून घेईल, असं त्यांनी मला सुनावलं.

वर्षाराणीनं चहा केला. मला गुळाचा चहा चालत नाही, म्हणून तिनं फडताळातून साखरेची पिशवी काढली, तोंडाला घातलेली शिलाई सुरीनं उसवली आणि दोन चमचे माझ्या कपात घातले. आण्णांनी आपला गुळाचा घेतला, तोही अर्धाच.

बशी खाली ठेवते तोच उजव्या भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जावा असाच तो आवाज होता.

"मेल्या त्या बरं झालं. आणि चार हायत, त्याबी जाऊ देत."

३

तो आवाज शेजारच्या चिमणाबाईचा होता. तिच्याकडे जायच्या आधी मी गुंडूकडे गेले, कारण सगळ्या गावानं ज्याच्यावर बोट ठेवलं त्याला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

गुंडू घरीच होता. पंप खुंटीला, आणि हा माणूस त्याच्याखाली पाटावर. काही बोलायच्या आत त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. सोमवारी संध्याकाळी पाऊस ओसरायला लागला तसा सहा दहाला त्यानं वर्षाराणीला फोन केला होता. तिनं उचलला नव्हता. तेव्हा ती दवाखान्यात आईपाशी होती, हे मला ठाऊक होतं.

फवारणीच्या आदल्या दिवशी तो तिला कळवायचा आणि ती सकाळी पेट्यांची दारं लावून घ्यायची, असा दोघांचा रिवाज होता. फोन लागला नाही तर आण्णांना सांगायला काय झालं होतं, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"आण्णांच्या दारात जायाचं म्हंजे पाय जड हुत्यात, ताई," तो म्हणाला. "औषधवाला आला म्हणून तोंडावर बोलत्यात. तेवढं चुकलं."

बस, एवढंच. मी विष मारलं नाही, माझा संबंध नाही, असलं काहीही तो म्हणाला नाही. मला राग आला. निर्दोष असलेला माणूस जरा तरी ओरडतो. मी त्याला तसं म्हटलंही. तो नुसता पंपाकडे बघत राहिला.

मग मी त्याला रानात घेऊन गेले. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. सोयाबीनचा एकेक सरा बघितला, पानं उलटून बघितली. रान हिरवंगार होतं आणि फूल एकही नव्हतं. फुलोऱ्याला अजून आठ-दहा दिवस होते. जिथं फूल नाही तिथं माशी कशाला जाईल? खाली मेलेली माशीसुद्धा एक सापडली नाही. वाऱ्यानं औषध भिंतीपलीकडे गेलं असेल, ही एक शक्यता उरली. पण तसं असतं तर सगळ्यात आधी पहिली पेटी मेली असती, ती तर भिंतीला चिकटून होती. आणि ती पेटी सगळ्यांत जोरात चालू होती.

म्हणजे गुंडूची फवारणी आणि माश्यांचा सडा एकाच दिवशी पडला, एवढंच खरं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो खूश होईल असं वाटलं होतं.

"हे तुम्हाला पटलं ताई," तो म्हणाला. "गावाला दुसरा मानूस दावावा लागंल."

४

दुसरा माणूस म्हणून गावातलं कुणीही आधी उदयसिंह निंबाळकरांचं नाव घेतलं असतं. सोयाबीनचं रान त्यांचंच. त्यांच्या नातीला गेल्या वर्षी माशी चावली, तेव्हापासून पेट्या हलवा म्हणून त्यांचे दोन अर्ज ग्रामपंचायतीत पडून आहेत.

त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, आणि मी विषय काढताच हसायला लागले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेट्या नकोत हे ते तोंडावर सांगतात, चोरून काही करायची त्यांना गरज नाही.

"बाई, मला मारायच्या असत्या तर नऊच्या नऊ मारल्या असत्या की," ते म्हणाले. "पाच मारून चार कशाला ठेवू? आणि मधल्या मधल्या निवडून?"

त्यांचा उद्धटपणा मला आवडला नाही, पण प्रश्न लाखमोलाचा होता. ह्या पाचच का? नऊही पेट्यांच्या माश्या त्याच रानात जातात, तेच पाणी पितात. बाहेरचं विष अशी निवड करत नाही. उलट दणकट पेटीच्या माश्या जास्त फिरतात, त्या आधी मरायला हव्यात. इथं भरभरून ये-जा असलेल्या चार वाचल्या होत्या. व्हरांड्यातून उतरताना माझं लक्ष पायरीकडे नव्हतं, पडता पडता वाचले.

चिमणाबाईकडे गेले तर ती वाटच बघत होती. तिनं माझ्यापुढं दोन पांढऱ्या चादरी आणि नवऱ्याचा एक सदरा टाकला. झडीनंतरचं पहिलं ऊन म्हणून मंगळवारी तिनं घरातलं सगळं धुऊन दोरीवर टाकलं होतं. दुपारी काढायला गेली तर सगळ्यावर तपकिरी शिंतोडे. तिनं भिंतीवर चढून फिनेल मारायची धमकी दिली होती हे खरं, पण मारलं नव्हतं. फिनेलची बाटली तिनं मला दाखवली, बूच उघडलेलंच नव्हतं.

हे डाग नेहमीचेच का, असं मी विचारलं.

"न्हाय की. एरवी बारीक पिवळं ठिपकं असत्यात, धुतलं की जात्यात. ह्यो डाग पातळ हाय, चिकट हाय, आणि वास घेऊन बघा."

मी वास घेतला. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नाकानं पगार मिळवला आहे. मी चादर मागून घेतली, वाटेत चौगुल्यांच्या परड्यात शिरून पेटीवरच्या ओघळाचाही वास घेतला, आणि वर्षाराणीची प्रशिक्षणाची वही उसनी घेऊन घरी आले.

वहीत तिनं लिहिलं होतं की विषानं मेलेल्या माशीची जीभ बाहेर येते. बाटलीतल्या चाळीस माश्या मी भिंगाखाली एकेक करून बघितल्या. जीभ बाहेर आलेल्या फक्त दोन. मग टाचणीनं पोटं उघडली. आत पातळ, तपकिरी घाण, इतकी की टाचणी लावताच बाहेर आली. असले नमुने मी हजारोंनी बघितले आहेत, फक्त माणसांचे.

ह्या माश्यांना कुणी विष घातलं नव्हतं. त्यांना हगवण लागली होती.

५

हगवण लागलेला माणूस दवाखान्यात आला की कुठलाही डॉक्टर पहिलं विचारतो, काय खाल्लं होतं? मी शुक्रवारी सकाळी वर्षाराणीला फोन लावला.

पहिला प्रश्न चिंध्यांचा. पाच पेट्यांना लाल चिंध्या कधी बांधल्या?

"माहेरला जाताना," ती म्हणाली. "त्या पाच अशक्त हुत्या. कुठल्या पेटीत साखरपाणी ठेवायचं ते आण्णांना कळावं म्हणून."

ती खूण मेलेल्यांची नव्हतीच. ज्यांना खाऊ घालायचं त्यांची होती. ज्यांना वाटी मिळाली त्या मेल्या आणि ज्यांना मिळाली नाही त्या जगल्या. उदयसिंहांच्या प्रश्नाचं उत्तर बुधवारपासून माझ्या डोळ्यांसमोर फडफडत होतं.

दुसरा प्रश्न साखरेचा. फडताळातली ती पिशवी कधीची? जायच्या आदल्या दिवशी आणलेली, माश्यांसाठीच, तिच्या घरात एरवी साखर लागतच नाही, असं ती म्हणाली. आणि बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं. बुधवारी ती शिलाई तिनं स्वतःच्या हातानं उसवली होती, माझ्या चहासाठी. आठ दिवस पाच पेट्यांना वाट्या मिळाल्या आणि साखरेची पिशवी शिवलेली होती. दुःखात असलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही. मला दिसायला हवं होतं, आणि मी चहा प्यायले.

वहीच्या शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: साखरच द्यावी. गूळ, काकवी, मळी कधीही नाही. माशीला ती पचत नाही, पोट बिघडतं. त्यात माशी स्वच्छतेची इतकी भोक्ती की घरात घाण करत नाही, बाहेर उडून जाऊनच मोकळी होते. सात दिवस झड होती, बाहेर जायची सोय नव्हती. सात दिवस त्यांनी कळ सोसली. मंगळवारी ऊन पडलं तशा सगळ्या एकदम बाहेर पडल्या आणि दारातच कोसळल्या. ऊन पडलं म्हणूनच गुंडूनंही पंप उचलला. गावानं जे जोडलं ते इतकंच होतं.

मी गेले तेव्हा आण्णा परड्यात रिकाम्या पेट्या पुसत होते.

"आण्णा, आठ दिवस माश्यांना काय घातलासा?"

"गूळपाणी," ते लगेच म्हणाले. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. "सून साखर ठिवून गेलती. पर साखरंत काय असतंय, ताई? लेकरागत जपती त्यास्नी, आणि पोटाला साखर? म्या माझ्या हातचा गूळ काढला, औंदाचा, बिनकेमिकलचा. पाण्यात कालवला, फडक्यातनं गाळला. गुऱ्हाळावर बघितलंय की म्या, काकवीवर कशा तुटून पडत्यात. आवडतंय त्यास्नी."

"आवडतं, आण्णा. पचत नाही."

हे मी लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट सरकवावा तशा आवाजात बोलले. त्याची मला अजून लाज वाटते. मग शेजारी बसून सगळं नीट सांगितलं, चादरीपासून वहीपर्यंत. हातातलं फडकं आण्णांनी घडी घालून घालून एवढंसं केलं.

"पाचीबी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पाचही."

मागच्या दारात वर्षाराणी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तशीच आत गेली. थोड्या वेळानं मला बाजूला घेऊन तिनं हात जोडले. रविवारी बैठकीत आण्णांचं नाव घेऊ नका, पावसाळी रोग आला म्हणा, गुंडूही सुटेल आणि ह्यांचीही अब्रू राहील, असं तिचं म्हणणं. चौतीस वर्षांत मी एकही रिपोर्ट बदललेला नाही. एका आमदाराच्या मेव्हण्यासाठीसुद्धा नाही. त्या दिवशी मी हो म्हटलं.

६

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीचा हॉल भरला होता. समितीचे अध्यक्ष जोतीराम समोर रजिस्टर घेऊन बसलेले. ठरावाचा मजकूर आधीच लिहून झाला होता, खाली सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. गुंडू दाराजवळ उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी उठून सांगितलं की माश्यांच्या पोटात विषाचं लक्षण नाही, रानात फूल नव्हतं, भिंतीजवळची पेटी शाबूत आहे, माश्या पोटाच्या विकारानं गेल्या. हा विकार झडीत होतो.

जोतीरामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "नऊ पेट्या एकाच जागी, ताई. रोग पाचांनाच कसा झाला?"

माझाच प्रश्न माझ्यावर उलटला होता. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. अशक्त पेट्या होत्या, असं काहीसं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गुंडूला वाचवायला बाईंनी रोग काढला, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि जोतीरामांनी पेनचं टोपण उघडलं. अर्धवट खऱ्यानं कुणाचंच भलं होत नव्हतं. मी वर्षाराणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

तेव्हा आण्णा उठले. काठी न घेता उठले.

"रोग न्हवता," ते म्हणाले. "म्या गूळ घातला त्यास्नी. सुनेनं साखर सांगितलीती, म्या ऐकलं न्हाय. माझ्या गुळानं कुणाचं वंगाळ व्हईल हे माझ्या मनातबी आलं न्हाय, एवढा माझा ताठा. चार दीस म्या गुंडूचं नाव घिऊन वरडत फिरलो. गुंडू, माझं चुकलं."

वर्षाराणी उठून आण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जोतीरामांनी टोपण परत लावलं. बऱ्याच जणांना अचानक मोबाइलमध्ये बघायचं काम निघालं. सुटला की गुंड्या, असं कुणी म्हणालं आणि दोघं-तिघं हसलेही. मला बरं वाटत होतं, काम फत्ते झालं असंच वाटत होतं.

गुंडू दारातून पुढं आला. त्यानं आण्णांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"आण्णा, ह्या पाच पेट्यांत मी न्हाय, एवढंच खरं," तो म्हणाला. "तेरा वर्सं पंप मारतोय. सूर्यफुलावर मारला, काकडीवर मारला, भर फुलोऱ्यात, भर दुपारी. पायाखाली माश्या पडल्याल्या बघितल्यात. तुमच्या पेट्यांतल्या मोजता आल्या. त्या रानातल्या कुणी मोजल्या न्हाईत." मग तो जोतीरामांकडे वळला. "ठराव करायचा तर करा. पर मला बोलवनारी समदी हितंच बसल्यात."

म्हणून तो त्या दिवशी पाटावर बसून गप्प होता. निर्दोष माणूस ओरडतो, हे मी त्याला ऐकवून आले होते.

ठराव झाला नाही. दुसराही काही झाला नाही, लोक पांगले. मी घरी येऊन फाटकाशी थांबले. फाटकाजवळ माझी जास्वंद आहे. गेल्या वर्षी तिच्यावर मावा पडला तेव्हा मी गुंडूलाच बोलावलं होतं. झाड फुललेलं होतं. त्यानं विचारलंही होतं, फुलं हायत, मारू का? मार की, असं मी म्हटलं होतं.

सोमवारी गुंडूला कामाची तीन बोलावणी आली. फुलोऱ्यात पंप उचलणार नाही, असं त्यानं तिघांनाही सांगितलं. एकानं दुसरा फवारणीवाला बघितला. एकानं फोन ठेवून दिला. उदयसिंहांनी फूल झडेपर्यंत थांबायचं कबूल केलं, आणि त्यांच्याकडून मला तर काडीची अपेक्षा नव्हती.

जास्वंदीवर मावा यंदाही आला आहे. मी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते. त्यात सकाळ जाते. परवा गुंडू दारावरून चालला होता, बघून थांबला.

"लई काम हाय की, ताई," तो म्हणाला. मग पंप भिंतीला टेकवून फाटकातून आत आला आणि खालची पानं पुसायला बसला.